लवेसाठी चौदा पानं

सिक्स्टेन होल्मग्रेन मास्तर हल्ली लिफ्टने जात नाहीत. गुडघ्यांना व्यायाम म्हणून जिना चढतो, असं ते सांगतात. खरं कारण असं की लिफ्टमध्ये कुणी भेटलं तर तीन मजले त्याच्याशेजारी उभं राहावं लागतं, आणि या इमारतीत ज्याच्याशेजारी मान वर करून उभं राहता येईल असा एकही माणूस मास्तरांनी शिल्लक ठेवलेला नाही. हे सगळं झालं लवेवरून. लव म्हणजे कपडे वाळवताना त्यांच्यातून निघते ती, करड्या रंगाची, फुंकली तर उडून जाणारी. तिच्यापायी माणूस वरच्या कोर्टापर्यंत जाऊ शकतो, यावर मास्तरांचा स्वतःचाही आधी विश्वास बसला नसता.

इमारत नगरपालिकेची. म्हणजे नगरपालिकेच्या मालकीची एक कंपनी भाड्याची घरं सांभाळते, तिची. तळघरात सगळ्यांची मिळून एक धुलाईची खोली आहे. दाराशी फळा, फळ्यावर आठवड्याचं वेळापत्रक, आणि प्रत्येक घराचं नंबर घातलेलं छोटं कुलूप. हव्या त्या वेळेवर आपलं कुलूप अडकवायचं की ते तीन तास आपले. मास्तरांचं कुलूप सात नंबरचं. अकरा वर्षं ते दर गुरुवारी सकाळी सात ते दहा या वेळेवर अडकलेलं असे, आणि अकरा वर्षं मास्तर निघताना ड्रायरची जाळी उचलून, लव काढून, वर फडक्याचा एक हात मारून मगच दिवा मालवत.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी फळ्याशेजारी कंपनीचा कागद लागला. 'सात नंबरच्या वेळेनंतर ड्रायरची जाळी साफ केलेली नसते अशी तक्रार आली आहे. कृपया काळजी घ्यावी.' खाली एक हसरा चेहरा काढलेला होता.

मास्तरांनी तो कागद चार वेळा वाचला. तक्रारीने ते दुखावलेच, पण त्या हसऱ्या चेहऱ्याने पार घायाळ झाले. चौतीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलेला माणूस! लाल दिव्याला रिकाम्या रस्त्यावरही थांबणारा! त्याला सगळ्या इमारतीसमोर दात काढून सांगायचं की बाबा रे, घाण करू नकोस?

"अरे मग घाल की अजून एक हात फडक्याचा," गुनवोर म्हणाली. गुनवोर म्हणजे मास्तरांची बायको. तिच्या बोलण्यात एक वाईट खोड आहे. ती पहिल्याच वाक्यात प्रश्न संपवून टाकते.

"प्रश्न फडक्याचा नाही, अब्रूचा आहे. तक्रार कुणी केली ते मला कळलं पाहिजे."

"कळून काय करणार?"

मास्तर तडक खाली माय-ब्रिटकडे गेले. माय-ब्रिट तळमजल्यावर राहते आणि तिचं विणकाम नेहमी जिन्याकडे तोंड करून चालतं. ती म्हणाली, "मी कुणाचं नाव घेणार नाही हं. पण चौथ्या मजल्यावर बघ." चौथ्या मजल्यावर शिरीन राहते. ती हॉस्पिटलात नर्स आहे. ती दारातच म्हणाली, "मास्तर, मी बारा तास उभी राहून आलेय. माझी लव घ्या, तुमची लव घ्या, सगळी मी केली असं सांगा, पण मला झोपू द्या." मास्तरांना हा कबुलीजबाब वाटला.

शेवटी ते समोरच्या दारातल्या अल्गोतकडे गेले. अल्गोत स्युदेन हा त्यांचा तीस वर्षांचा मित्र. गुरुवारी मास्तरांनंतर दहा ते एक धुलाईची वेळ त्याची, आणि दुपारी दोन वाजता दोघांची कॉफी, एक आठवडा इकडे, एक आठवडा तिकडे. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको डाग्नी गेली. ऑक्टोबरात त्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, दोन आठवडे तो हॉस्पिटलात होता आणि आता काठी घेऊन हिंडत होता. मास्तरांनी विषय काढला तसा अल्गोत कानापर्यंत लाल झाला.

"सोड ना, सिक्स्टेन," तो म्हणाला. "लव ती लव. उद्या कागद निघेल, कुणाच्या लक्षातही राहणार नाही. बन घे."

मास्तरांनी बन घेतला. दालचिनी घातलेला, कालचा होता. पण घरी येताना त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती, की माणूस लाल का होतो?

आता मास्तरांच्या एका श्रद्धेबद्दल सांगायला हवं. काही लोक देवळात जातात, काही फुटबॉलला. मास्तरांची श्रद्धा एका कायद्यावर होती. थोडे अपवाद सोडले तर सरकारचा कुठलाही कागद कुठल्याही नागरिकाने मागावा आणि सरकारने तो दाखवावा, असा अडीचशे वर्षांहून जुना कायदा त्यांच्या देशात आहे. मागणाऱ्याला तू कोण, कशाला हवाय, असं विचारायचीही साहेबाला सोय नाही. हा धडा शिकवताना दर वर्षी मास्तरांचा आवाज भरून येई आणि मागच्या बाकावरची मुलं एकमेकांना कोपर मारत. घरकंपनी नगरपालिकेची, म्हणजे तिच्याकडे आलेली तक्रार हा सरकारी कागद. मास्तरांनी कोट चढवला.

कंपनीच्या कचेरीत कागदपत्रांच्या खिडकीशी पर्निला बसते. ती मास्तरांचीच विद्यार्थिनी.

"अय्या, मास्तर! या ना!"

मास्तरांनी मागे वळून पाहिलं, जणू दुसराच कुणी मास्तर आत आला असावा. "इथे कुणी मास्तर नाही. मी एक नागरिक आहे. सात नंबरच्या जाळीबद्दल आलेली तक्रार मला पाहायची आहे."

"बरं. तुमच्या नावाने अर्ज लिहून घेऊ?"

"नाव सांगायची सक्ती नाही. तू मला नाव विचारूच शकत नाहीस."

"मी कुठे विचारतेय? मला ठाऊकच आहे."

"ठाऊक असलं तरी तुला ठाऊक नाही!" मास्तर खिडकीवर बोट आपटून म्हणाले. "नववीत शिकवलंय मी हे. तत्त्व म्हणजे तत्त्व."

पर्निलाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. तिला काहीतरी सांगायचं होतं, ते तिच्या ओठांवर आलेलं दिसत होतं. पण नववीत तिला मध्येच बोलल्याबद्दल मास्तरांनी दोनदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. तिने निमूटपणे लिहून घेतलं. आठवड्याने मास्तरांनी खिडकीवर जाऊन निकाल घेतला. भाडेकरूच्या खाजगी तक्रारीचा कागद तिऱ्हाइताला दाखवता येत नाही, अर्ज नामंजूर. वर पत्ता होता, 'नाव न सांगितलेली व्यक्ती'.

मास्तर घरी आले ते फुलून. सरकारने नकार दिला होता! आता अपील! चौतीस वर्षं फळ्यावर खडूने काढलेला बाण, कचेरीकडून कोर्टाकडे जाणारा, तो आता त्यांना स्वतः चालून जायचा होता. वकील लागत नाही, फी लागत नाही, तीन आठवड्यांत अर्ज दिला की झालं. अर्ज कंपनीमार्फतच कोर्टात जातो. अर्धं पान पुरलं असतं.

मास्तरांनी चौदा पानं लिहिली.

त्यांचं म्हणणं असं की कोर्टाला परिस्थिती कळली पाहिजे. म्हणून त्यांनी एकेका शेजाऱ्याला एकेक पान दिलं. माय-ब्रिट दाराच्या भोकाला डोळा लावून बसते आणि धुण्याच्या खोलीतले हरवलेले मोजे तिच्या विणकामात दिसतात. शिरीनच्या घरचे लोक रविवारी धुतात आणि साबण मोजत नाहीत. पान नऊ अल्गोतचं होतं. ते लिहिताना मास्तर थांबले होते, हे त्यांचं त्यांनाच नंतर फार लागलं. ते थांबले, कॉफीचा घोट घेतला, वाक्य पुन्हा वाचलं, आणि वाक्य छान जमलंय असं वाटून त्यांनी ते तसंच ठेवलं.

'श्री. स्युदेन यांचे कपडे एका माणसाचे असतात व एका तासात धुऊन होतात. तरीही ते पूर्ण तीन तास अडवून ठेवतात. उरलेले दोन तास ते तळघरात नेमके काय करतात, याची चौकशी व्हावी. पत्नीच्या निधनानंतर त्यांच्या नीटनेटकेपणाची खात्री देता येत नाही.'

गुनवोरने ते पान वाचलं आणि चष्मा काढला. "हे तू पाठवणार नाहीस."

"अगं, हे कोर्टासाठी आहे. गोपनीय." आणि खरोखरच मास्तरांनी पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'गोपनीय' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

जो माणूस चौतीस वर्षं शिकवत आला की सरकारदरबारी पोचलेला जवळपास प्रत्येक कागद जनतेचा, त्याच माणसाच्या हे ध्यानात आलं नाही की आपलाही कागद सरकारदरबारीच चाललाय. भाडेकरूची तक्रार झाकली जाते, कोर्टात धाडलेला अर्ज झाकला जात नाही. दोन रेघा मारून कायदा थांबत नाही.

सहा आठवड्यांनी निकाल आला. एक पान. अपील विचारातच न घेता फेटाळलं होतं. नकार मिळाला तो नाव न सांगितलेल्या व्यक्तीला, अपील केलं श्री. होल्मग्रेन यांनी. श्री. होल्मग्रेन हीच ती व्यक्ती, असं कुठल्याही कागदावरून दिसत नाही. सबब त्यांना अपील करण्याचा अधिकार नाही.

मास्तर टोपी न घालता बर्फातून कचेरीत गेले.

"पर्निला, कोर्टाला लिहून दे की तो मीच होतो!"

"कोण, मास्तर?"

"तो! नाव न सांगितलेला!"

"मला कसं ठाऊक असणार?" पर्निला अगदी हळू आवाजात म्हणाली. ती चिडवत नव्हती, तिचे डोळे खरंच कासावीस झाले होते. "मी तशी नोंदच केलेली नाही, करायचीच नसते. तुम्हीच म्हणालात, ठाऊक असलं तरी ठाऊक नाही."

मास्तर सगळ्यात वरच्या कोर्टात गेले. यावेळी नाव इतकं ठळक घातलं की शाई मागच्या बाजूला उमटली. तिथून दोन ओळी आल्या, की प्रकरण दाखल करून घेण्यासारखं काही दिसत नाही. चार महिन्यांत दोन कोर्टांनी मास्तरांना उंबऱ्यावरूनच परत पाठवलं, आणि लवेबद्दल कुणी अक्षरही बोललं नाही. हे इथेच संपलं असतं तर मास्तरांनी त्यावर पुढची दहा वर्षं अभिमानाने गप्पा मारल्या असत्या.

पण त्या गावात वर्तमानपत्राचा एक माणूस रोज सकाळी कचेऱ्यांत आलेलं टपाल चाळतो. तो त्याचा हक्क आहे. वरच्या कोर्टाच्या त्या दोन ओळी पाहून त्याने मागची सगळी फाइल मागवली. मार्चमधल्या एका बुधवारी आतल्या पानावर बातमी आली, 'लवेसाठी चौदा पानं'. नाव छापलं नव्हतं. नावाची गरजही नव्हती, सात नंबर छापला होता. आणि मग इमारतीतली माणसं, जन्मात कधी सरकारी कागद न मागितलेली, कोट घालून एकेक करून कचेरीत जाऊ लागली. पर्निला कुणालाही नाव विचारत नव्हती. प्रत मिळत होती.

शनिवारी धुलाईच्या फळ्याशेजारी पान चार लागलं. माय-ब्रिटचं. तिने लाल पेनाने ते तपासलं होतं, मास्तर वह्या तपासायचे तसंच. 'भोकाला डोळा' याखाली रेघ मारून तिने लिहिलं होतं, 'माझ्या दाराला भोक नाही. येऊन बघ.' मोज्यांसमोर लिहिलं होतं, 'पुरावा?' खाली दहापैकी दोन गुण दिले होते.

त्यावर मास्तरांना हसताही आलं असतं. शिरीनचं जास्त लागलं. ती लिफ्टमध्ये भेटली, शांतपणे म्हणाली, "रविवारी धुते कारण रविवारीच सुट्टी असते, मास्तर. आणि साबण माझा मुलगा ओततो, तो पाच वर्षांचा आहे. त्याचं नावही घालायचं होतं का?" तिसरा मजला आला. मास्तरांना उतरायचं होतं, पण ते उतरले नाहीत. दार बंद झालं आणि ते तिच्याबरोबर चौथ्यावर जाऊन, तिला आत जाऊ देऊन, मग एकटे खाली आले. लिफ्ट सोडली ती त्या दिवसापासून.

गुरुवारी दोन वाजता त्यांनी अल्गोतची बेल वाजवली. त्या आठवड्यात कॉफी तिकडे होती. आत काठीचा आवाज आला, दाराजवळ येऊन थांबला. दार उघडलं नाही.

"अल्गोत, मला जरा बोलायचंय."

"लेखी वाचलंय मी तुझं," आतून आवाज आला. "त्या खिडकीवर मी माझं नाव सांगूनच कागद घेतला. मित्राने लिहिलेलं वाचायला नाव कशाला लपवायचं?"

काठी आत निघून गेली. मास्तर पायपुसण्यावर उभे राहिले. पासष्टी उलटलेला माणूस दाराबाहेर ताटकळत उभा आहे आणि आत शिरायला तोंड नाही, अशी वेळ त्यांच्यावर शाळकरी वयातही आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ते कचेरीत गेले आणि म्हणाले, "माझं नाव सिक्स्टेन होल्मग्रेन. सात नंबर माझा. ती तक्रार मला पाहायची आहे."

पर्निलाने उठून कपाटातून कागद आणला, नाव काळ्या शाईने झाकलं आणि त्यांच्यासमोर ठेवला. पाच मिनिटंही लागली नाहीत.

"एवढंच?" मास्तर म्हणाले.

"तक्रार तुमच्याबद्दल आहे ना. ज्याच्याबद्दल असते त्याला पाहता येते. तेव्हा नाव सांगितलं असतंत तर त्याच दिवशी दिली असती. मी सांगणार होते, पण..." ती थांबली. "तुम्ही बोलत होतात, मास्तर."

तक्रार चार ओळींची होती. 'सात नंबरनंतर ड्रायरची खालची जाळी लवेने भरलेली मिळते. हे गेले दोन आठवडेच होतंय, ऑक्टोबरच्या दहा तारखेपासून. आधी ती नेहमी स्वच्छ असे. कृपया सांगावे.'

खालची जाळी.

मास्तर कचेरीतून थेट तळघरात गेले. ड्रायरची वरची जाळी काढली, ती त्यांच्या ओळखीची. मग गुडघ्यांवर बसले. अगदी तळाशी एक झाकण होतं. अकरा वर्षांत त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं, कारण त्यासाठी वाकावं लागतं. झाकणामागे दुसरी जाळी होती. लख्ख स्वच्छ.

दहा ऑक्टोबर. अल्गोतचं ऑपरेशन दहा ऑक्टोबरला झालं होतं. गुरुवारी सात नंबरनंतर दहाला कोण येतं, हे मास्तरांना दोन्ही कोर्टांपेक्षा चांगलं ठाऊक होतं. म्हणजे अकरा वर्षं दर गुरुवारी अल्गोत वाकून मास्तरांची लव काढत होता आणि दोन वाजता कॉफीला बसून त्याबद्दल चकार शब्द बोलत नव्हता. तो दोन आठवडे नव्हता तेवढ्यातच आपली घाण लोकांना दिसली. आणि परत आल्यावर, नवा खुबा घेऊन, काठी बाजूला ठेवून, तो पुन्हा वाकला होता. लाल झाला होता तो आपल्यासाठी. मास्तरांना फरशीवरून उठावंसं वाटेना.

पण स्वभाव एका दिवसात जात नाही. मास्तर पुन्हा पर्निलाकडे गेले आणि म्हणाले, ती चौदा पानं काढून टाक. ती म्हणाली, नोंद झालेला कागद काढता येत नाही, मास्तर, कुणालाच नाही. मग त्यांनी माफीपत्र लिहिलं. एक पान. प्रत्येकाचं नाव घेऊन, स्वतःला कसलीही सूट न देता. ते त्याच प्रकरणात नोंदवलं, कुणालाही मागता येईल असं, आणि वाट पाहत बसले. दर दोन दिवसांनी ते खिडकीवर चौकशी करत. चौदा पानांच्या प्रती तेवीस गेल्या होत्या. माफीपत्राची एकही गेली नाही.

"फाइलमध्ये ठेवलेली माफी?" गुनवोर म्हणाली. "तो समोरच्या दारात राहतो, सिक्स्टेन. सहा पावलांवर."

पुढच्या गुरुवारी मास्तरांची धुलाई दहाला संपली. त्यांनी कपडे घडी करून टोपलीत ठेवले, पण वर गेले नाहीत. अल्गोत एका माणसाचे कपडे घेऊन आला, त्यांच्याकडे न बघता मशीन लावलं आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. मास्तर उभेच राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळेना.

"अल्गोत," ते म्हणाले, आणि आवाज फळ्यासमोर भरून यायचा तसा नव्हता, नुसताच फाटला. "मला लाज वाटते रे. पान नऊची. ते मी थांबून, विचार करून लिहिलं होतं. जाळीचंही कळलं मला." ते खुर्चीजवळ सरकले. "दोन तास तू इथे काय करतोस, हे मी कोर्टाला विचारलं. तुला विचारायला हवं होतं."

"मग विचार."

"काय करतोस तू इथे दोन तास?"

अल्गोत मशीनकडे बघत होता. "घरात आवाज नसतो," तो म्हणाला. "डाग्नी सारखी बोलायची, तुला ठाऊकच आहे. इथे निदान हे गुरगुरत असतं. आणि दहाच्या आधी तू येऊन गेलेला असतोस, खोली गरम असते."

घडी केलेले कपडे बाजूला काढून ठेवून मास्तरांनी टोपली उलटी केली आणि तिच्यावर बसले. मशीन फिरत होतं. बऱ्याच वेळाने कपडे ड्रायरमध्ये गेले, वाळले, बाहेर आले. अल्गोतने काठीकडे हात नेला, तेवढ्यात मास्तर खाली बसले, गुडघे कुरकुरले, तळाचं झाकण उघडलं, जाळी ओढली, मूठभर लव काढली आणि जाळी परत आत ढकलू लागले. ती जाईना. त्यांनी जोर लावला. कान लाल झाले.

"उलटी धरलीयेस," अल्गोत खुर्चीवरून म्हणाला.